भावाचं पोतं आणि हिरवं चिन्ह

पत्राचा सारांश : पत्रलेखिका पुण्यात नोकरी करतात. घरात नवरा, सासूबाई आणि तिसरीतली मुलगी. दोन वर्षांपूर्वी सोसायटीत एक व्याख्यान ऐकल्यापासून त्यांनी घरातलं वाणसामान आणि भाजी, सगळं सेंद्रिय करून टाकलं. महिन्याचा खर्च ९ हजारांवरून १६ हजारांवर गेला. नवरा हिशेबाची वही पुढे करतो, सासूबाई 'आम्ही काय विष खाऊन मोठे झालो का' म्हणतात. इथवर त्या निभावून नेत होत्या. पण यंदा पाडव्यानंतर मंगळवेढ्याकडे शेती करणारा त्यांचा थोरला भाऊ दरवर्षीसारखी दोन पोती ज्वारी आणि दहा किलो तूरडाळ घेऊन आला, तेव्हा त्या बोलून गेल्या, "दादा, आम्ही आता फवारणीचं खात नाही." भावाने चहा घेतला, पोती परत गाडीत टाकली आणि तो गेला. राखी त्यांनी कुरिअरने पाठवली, त्यावर फोन आला नाही. त्याच सुमाराला शाळेत 'माझं अन्न कुठून येतं' या विषयावर चित्र काढायला सांगितलं होतं. मुलीने पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला डिलिव्हरीवाला काढला. त्या विचारतात : मुलीच्या भल्यासाठीच केलं ना मी? मग चुकलं कुठे? दिवाळी तोंडावर आलीय. भाऊबीजेला गेले तर तिथलं धान्य घ्यावं लागणार, आणि ते पोरीला खाऊ घालायला मन धजत नाही. जाऊ की नको?

ताई,

भाऊबीजेला जाच. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लांबण निवांत वाचाल.

तुमची काळजी खोटी नाही, आणि सासूबाईंच्या त्या वाक्याने ती उडवून लावता यायची नाही. वांगं, भेंडी, मिरची, फ्लॉवर ही पिकं अळीच्या तावडीतून सोडवून बाजारात आणायची तर आज फवारणी बरीच होते. त्यातून वांग्या-भेंडीचा तोडा दर थोड्या दिवसांनी करावा लागतो. औषध मारल्यावर जितके दिवस थांबायचं तितके दिवस शेतकरी थांबतोच असं नाही, कारण भेंडी थांबत नाही, ती जून होते. स्पर्शजन्य, म्हणजे वरवर बसणारं औषध निदान धुण्याने बरंचसं जातं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातच शिरतं, ते नळाखाली कितीही धरलं तरी निघत नाही. तेव्हा भाजीपुरता तुम्ही केलेला विचार मला पटतो. सेंद्रिय मालात रसायनांचे अंश कमी सापडतात, हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. (त्यात पोषण दुप्पट असतं वगैरे जे व्याख्यानांतून सांगतात, ते तितकं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. तेवढ्यासाठी पैसे जात असतील तर हात आखडता घ्या.)

माझी हरकत दुसरीकडे आहे. तुम्ही भाजीचा नियम ज्वारीला लावलात आणि दुकानाचा नियम भावाला.

मंगळवेढ्याची ज्वारी तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तीच खाऊन वाढलात. तरी आठवून बघा. काळीभोर खोल रानं, सप्टेंबर-ऑक्टोबरातली पेरणी, आणि मग ना पाऊस ना पाट. मातीत मुरलेली ओल आणि थंडी, एवढ्यावर मालदांडी ज्वारी पुरुषभर वाढते. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या रानांचंच कौतुक. बियाण्याला काणी रोग लागू नये म्हणून पेरणीआधी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळतात, कुणी एखादं खताचं पोतं टाकतं, आणि पुष्कळ रानांत फवारणीचा पंप त्या हंगामात कोपऱ्यातून हलतच नाही. कोरडवाहू ज्वारीत औषधाचा खर्च परवडतो कुणाला? शिवाय कडबा दावणीच्या जनावरांपुढे टाकायचा असतो. २०१८ पासून लष्करी अळी आल्यावर काहीजण ज्वारीवरही फवारू लागले, हेही खरं. तुमच्या भावाने फवारलं होतं का, हे सांगू शकणारा माणूस तुमच्या सोफ्यावर बसून चहा पीत होता. त्याला कुणी विचारलं नाही.

आणखी एक. बाजारात जाणारा माल आणि घरच्या खाण्याचा माल यांत फरक करणारे शेतकरी मी कितीतरी पाहिलेत. बांधाकडेचा एखादा तुकडा, चार सऱ्या 'घरच्यासाठी' म्हणून राखलेल्या असतात, तिथे औषध जात नाही. बहिणीच्या घरी न्यायचं पोतं तुमच्या दादाने कुठल्या तुकड्यातून भरलं असेल?

तुरीचं थोडं निराळं. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना शेंगा पोखरणारी अळी येते, तेव्हा दोन-तीन फवारण्या बहुतेक जण करतात. पण दाणा शेंगेच्या आत असतो. पुढे शेंग वाळणार, मळणी होणार, तूर भिजवून-वाळवून भरडणार, साल निघणार. डाळ तुमच्या डब्यात पडेपर्यंत काही महिने गेलेले असतात. परवा मारलेल्या औषधाची आज बाजारात आलेली मेथी आणि ही डाळ एका तागडीत तोलू नका.

आता ते हिरवं चिन्ह, जे तुमची लेक बहुधा डोळे मिटूनही काढू शकेल. 'जैविक भारत' हे चिन्ह अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७च्या नियमांमधून आलं. ते मिळवायच्या दोन वाटा आहेत. एकीत बाहेरची तपासणी संस्था येऊन शेत आणि नोंदवह्या बघते. रसायनं सोडल्यावर हंगामी पिकाला २ वर्षं आणि फळबागेला ३ वर्षं कळ काढावी लागते. दुसरीला पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत म्हणतात. तिच्यात आसपासचे किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात आणि एकमेकांची हमी घेतात. म्हणजे चिन्ह फुकट मिळत नाही, आणि मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त ते कशासाठी आहे ते ध्यानात घ्या. ज्याचं तोंड कधी बघणार नाही अशा माणसाचा माल आपण भरवशाने घ्यावा, एवढ्यासाठी केलेली ती सोय आहे. कायद्यालाही हे कळतं. छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, फक्त चिन्ह लावता येत नाही. समोरासमोर भेटणाऱ्यांनी एकमेकांना विचारून घ्यावं, इतकं साधं आहे ते.

आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असंही नाही बरं का. निंबोळी अर्क फवारतात, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क फवारतात, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रणही मर्यादेत चालतं. 'फवारणीचं खात नाही' हे तुमचं वाक्य त्या १६ हजारांच्या मालालाही लागू पडत नाही.

माझीच फजिती सांगते. एकदा एका दुकानातून 'सेंद्रिय' अशी सुबक चिठ्ठी लावलेला गूळ आणला. पिवळाधम्मक, सोन्यासारखा. आमच्या ओळखीचे एक गुऱ्हाळवाले आले होते, त्यांनी ढेप हातात घेतली आणि हसले. म्हणाले, रस भेंडीच्या चिकाने साफ केला तर गूळ असा पिवळा कधी निघत नाही, तो तांबूस-काळपट राहतो. या रंगाला पावडर लागते. चिठ्ठी वाचायला मला येत होतं, गूळ वाचायला येत नव्हतं.

आता थोडं कडू बोलते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात मुलीच्या पोटाची काळजी आहे, दुधाची आहे, तांदळाची आहे. भावाच्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही. फवारणीचं पहिलं विष फवारणाऱ्याच्या अंगावर येतं, आपल्या ताटात येतो तो त्यातला उरलासुरला अंश. २०१७च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. पाठीवर पंप होता, उकाडा होता, पीक डोक्याइतकं वाढलेलं होतं. तुमचा दादा तुरीवर, आणि डाळिंब-द्राक्षं असतील तर त्यांच्यावर, वर्षातून किती वेळा असा पंप घेऊन उभा राहत असेल? पाडव्यानंतर तो आला तेव्हा 'आम्ही फवारणीचं खात नाही' याऐवजी 'दादा, फवारताना तोंडाला काय बांधतोस?' असं विचारलं असतंत, तर ज्वारीही घरात राहिली असती आणि तुम्हाला हवी होती ती सगळी माहितीही मिळाली असती.

म्हणून भाऊबीजेला जाल तेव्हा हे प्रश्न घेऊन जा, पण तपासनिसासारखे नाही. शेतात चक्कर मारताना एकेक निघेल. कुठल्या पिकावर काय मारतोस? डबा दाखव. डब्यावर एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग बघा : लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. आतल्या पत्रकात काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही असतं. द्राक्षं परदेशी पाठवणारे त्याला पीएचआय म्हणतात आणि दिवस मोजून पाळतात, कारण एक कंटेनर परत आला की वर्ष गेलं. देशातल्या बाजारासाठी तेवढी सक्ती कुणी करत नाही, पण बहिणीने विचारलं तर भाऊ पाळेल. मजुराला हातमोजे देतो का, हेही विचारा. आणि पोत्यात काय टाकतोस, हा प्रश्न विसरू नका.

हा शेवटचा प्रश्न घरी आल्यावर स्वतःलाही विचारा. शेतात एकदाही औषध न पाहिलेलं धान्य आपण डब्यात भरतो आणि वर बोरिक पावडर चोळतो, पाऱ्याच्या गोळ्या टाकतो. साठवणीतल्या ज्या गोळ्यांमधून वायू सुटतो त्यांना तर राहत्या घरात थाराच देऊ नका, बंद खोलीत त्या वायूने माणसं दगावतात. कडक ऊन, कोरडी कोठी, कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि वर्षाचं एकदम न भरता तीन महिन्यांचं भरणं, एवढ्याने फ्लॅटमध्ये भागतं.

पुढे काय? एक कृपा करा, पुण्यातून दादाला नैसर्गिक शेतीचे व्हिडिओ पाठवू नका. त्यातलं जीवामृत, म्हणजे शेतात घालायचं शेण-गोमूत्राचं मिश्रण, ऐकायला सोपं वाटतं. एका एकराला २०० लिटरच्या पिंपात देशी गाईचं १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ, मूठभर माती, आणि ते रोज ढवळायचं. हे हंगामात पुन्हा पुन्हा. ढवळणार कोण? बहुधा वहिनी. सुरुवातीच्या वर्षांत उतारा घटू शकतो, ते नुकसान कोण सोसणार? ज्याच्या डोक्यावर गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज आहे त्याला 'सगळं बंद कर' म्हणणं शहरातून फार स्वस्त पडतं.

मागायचंच असेल तर २० गुंठे मागा. अर्ध्या एकरात तूर, थोडे हुलगे, थोडी मटकी, बिनाऔषधाची. अळीने खाल्लं तर नुकसान तुमचं, हे आधी ठरवा. तुम्ही दरमहा ७ हजार जास्त मोजता, म्हणजे वर्षाचे ८४ हजार. त्यातला चौथा हिस्सा हंगामाआधी त्या घरात पोचला तर २० गुंठ्यांची जोखीम कुणालाही घेता येईल. दादा तुमच्याकडून पैसे घेणार नाही, हे मलाही माहीत आहे. वहिनीशी बोला. डाळ भरडणं, पाखडणं, हळद-तिखट करणं ही तिची मेहनत आहे, तिचा दर तिला ठरवू द्या आणि घासाघीस करू नका. सोसायटीतली आणखी दोन-तीन घरं जोडलीत तर फारच बरं. पुढेमागे दादाला रुची वाटली तर तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात पीजीएस गटाची चौकशी तो स्वतः करेल. तो निर्णय त्याचा.

ज्यांचा भाऊ शेतकरी नाही असेही वाचक हे वाचतायत, त्यांच्यासाठी थोडं. शंभर टक्के सेंद्रिय हा हट्ट सोडला की खर्च बराच खाली येतो. पैसा घालायचाच तर पालेभाज्या, वांगी, भेंडी, मिरची, फ्लॉवर, द्राक्षं यांवर घाला. सुरण, रताळी, कोरडवाहू ज्वारी-बाजरी साधी घेतली तरी फार बिघडत नाही. मे महिन्यात फ्लॉवर आणि पावसाळ्यात मटार मागू नका, अवेळी पिकवलेल्या भाजीला जास्त जपावं लागतं आणि ते जपणं औषधाचं असतं. साधी भाजी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मग दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा, कोबीची वरची पानं काढून टाका. शेतकरी आठवडे बाजारात गेलात तर 'सेंद्रिय आहे का?' विचारू नका, त्याला सगळे होच म्हणतात. 'गाव कुठलं, आणि या आठवड्यात तुमच्याकडे काय संपलं?' हे विचारा. ज्याच्याकडे बारा महिने अठरा भाज्या असतात आणि कधीच काही संपत नाही, त्याचा माल पहाटे मार्केट यार्डातून आलेला असतो.

पुन्हा तुमच्याकडे. पत्रात आणखी एक गोष्ट मला सापडली नाही : चव. सोळा हजारांचं अन्न घरात येतं आणि ते कसं लागलं याबद्दल कुणी काही बोललेलं नाही. मुलगी भाकरी खात नाही एवढंच लिहिलंत. भाकरीने सुरुवात करूच नका. सासूबाईंना विचारा, त्यांच्या लहानपणी ज्वारीचं काय काय व्हायचं. ताकातल्या कण्या, धपाटे, उकडपेंडी, नागपंचमीच्या लाह्या. 'विष खाऊन मोठे झालो का' म्हणणाऱ्या बाईला दोन वर्षांत तुम्ही स्वयंपाकघरातलं काही विचारलेलंच दिसत नाही, सांगितलं मात्र बरंच. त्यांना विचारलंत की त्यांचा विरोध निम्मा तरी मावळेल, असा माझा अंदाज आहे. आणि लाह्या फुटताना बघायला ती पोर आपोआप येऊन उभी राहील.

तिला अन्न कुठून येतं ते शिकवायचं असेल तर शिकवू मात्र नका. (व्याख्यानाने तुमचं काय झालं, ते आपण पाहतोच आहोत.) वर्षात तीन खेपा करा. भाऊबीजेला ज्वारी जेमतेम गुडघ्याएवढी असेल, तेव्हा नुसती रानातून फिरवून आणा. संक्रांतीच्या आगेमागे हुरड्याला न्या. गोवऱ्यांची आगटी, राखेतून काढलेलं कणीस मामाने तळहातावर चोळून दिलेलं, सोबत शेंगदाण्याची चटणी. चटका बसेल, तोंड काळं होईल, होऊ द्या. पाखरं हाकायला मामाची गोफण मागेल, तेव्हा तुम्ही लांब उभ्या राहा. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला एक दिवस रजा काढा. तुमच्याकडे ज्वारी मुळासकट उपटतात. काळ्या वाळलेल्या रानातून एक ताट उपटायला किती जोर लागतो, हे तिने स्वतःच्या हाताने करून बघू दे. दहाव्या ताटाला ती दमेल आणि मजूर बायका दिवसभर हेच करतात हे तिला न सांगता दिसेल. शाळेतल्या चित्रात चूक तिची नव्हती, तिने दारात जो येताना पाहिला तो काढला. मामा दारात आला होता, पण तो पोती घेऊन परत जाताना दिसला.

भाऊबीजेला ओवाळून झालं की ताटात नोट पडेल. ती घ्या, आणि वर परत नेलेल्या ज्वारीतली पायलीभर मागा. 'चुकलं माझं' म्हणायला जीभ रेटत नसेल तर एवढं मागितलेलं दादाला पुरेल. सात-आठ महिन्यांत पोरकिडे झाले असतील, तर कुरकुर न करता चाळून घ्या आणि उन्हात घाला. पोरकिडे इतक्या सुखाने नांदले त्या पोत्यात विषाची गोळी नव्हती, एवढं प्रमाणपत्र तरी तुम्हाला जागच्या जागी मिळेल.